नाडीवरून ओळखलेल्या तीन गोळ्या

दादा,

तुझ्या आजाराला सगळे ‘दुखणं’ म्हणतात. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेल्यांपैकी निम्म्या माणसांनी तरी माझ्याजवळ बसून ‘फार दिवस दुखणं काढलं हो’ असं म्हटलं, आणि मी मान हलवत राहिले. तुला तो शब्द कधीच पटला नव्हता. “दुखत तर काय न्हाय, सुमे. नुसतं ऐकत न्हाय,” असं म्हणून तू उजवा हात माझ्यासमोर धरायचास. अंगठा पहिल्या बोटावर घासत असायचा, तंबाखू मळल्यासारखा. आयुष्यात तंबाखूला शिवला नाहीस, आणि म्हातारपणी दिवसभर ती मळत बसायची वेळ आली, याची तुला गंमत वाटायची. मला वाटायची नाही. मी दुसरीकडे बघायचे.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. चार वर्षं तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट मी काल दुसऱ्याच माणसाला सांगितली. ती आधी तुला सांगायला हवी होती. क्रम तर चुकलाच आहे. आता निदान पहिल्यापासून सांगते.

सुरुवातीला तू दोष दिलास दाराला. तू पाटकरी, कालव्याच्या चारीवरची पाण्याची दारं पाळीप्रमाणे उघडायची आणि मिटायची, हे तुझं तीस वर्षांचं काम. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिसऱ्या दाराची चावी फिरवायला वेळ लागायला लागला. दार गंजलं असं ठरवून तू त्याला ग्रीस लावलंस. पंधरा दिवसांनी पुन्हा लावलंस. तिसऱ्यांदा लावताना तुझ्या लक्षात आलं की डाव्या हातानं तेच दार झटक्यात फिरतं. त्या दिवशी घरी येऊन तू गयावहिनीला म्हणालास, “दार बरं हाय. मीच गंजलोय.” आपल्या वडलांना ज्या गावच्या पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागायचं, त्या गावच्या शेतांचं पाणी त्या चावीत होतं. यावर तू कधी बोलला नाहीस. चावी मात्र रोज फडक्यानं पुसायचास, हे मी पाहिलेलं आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन. कशानं होतो ते नक्की ठाऊक नाही, असंही सांगितलं. परतीच्या एसटीत मी रडवेली झाले होते आणि तू खूश होतास. “ठाव न्हाय म्हणाला. खोटं तरी बोलला न्हाय.” तेव्हापासून तू त्या आजाराकडे नव्यानं ताब्यात आलेल्या चारीकडे बघावं तसं बघायला लागलास. गोळ्यांच्या चार पाळ्या होत्या. सकाळी सहा, मग अकरा, चार आणि रात्री नऊ. गोळी गिळली की लगेच हात सुटत नाही, हे तू दुसऱ्याच दिवशी हेरलंस. सोडलेलं पाणी चारीच्या टोकाच्या, टेलच्या शेताला पोचायला वेळ लागतो, तसंच हे, असं तुझं म्हणणं. मग तू सदऱ्याची बटणं लावून बघायचास. गोळी घेतल्यापासून पाचही बटणं न अडखळता लागेपर्यंत किती वेळ जातो, हे भिंतीवरच्या घड्याळात बघायचास. वहिनी म्हणायच्या, “ह्यांचं म्हंजे, कामावर जायचं न्हाय तरी रोज चारदा कपडं घालत्यात.”

त्यातूनच तुला दुधाचा शोध लागला. वहिनी गोळी म्हशीच्या दुधाबरोबर द्यायच्या, ताकद येते म्हणून. एके दिवशी दूध नासलं, गोळी पाण्याबरोबर घेतलीस आणि बटणं लवकर लागली. तू आठ दिवस आलटून पालटून दूध आणि पाणी घेऊन पाहिलंस आणि जाहीर केलंस की दूध गोळीला अडवतं. मी तुझ्याशी भांडले. शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईला शोभेल अशा सगळ्या शब्दांत भांडले. औषध कुठं दुधानं अडतं का, हे सगळे मनाचे खेळ आहेत, असं बोलले. तू ऐकून घेतलंस आणि पाण्याबरोबरच गोळी घेत राहिलास. पुढच्या खेपेला पुण्याच्या डॉक्टरांनी आपणहून सांगितलं की दूध, डाळ, मटण यांच्याबरोबर ही गोळी घेऊ नका, नीट लागू पडत नाही. तू मला ‘बघ’सुद्धा म्हणाला नाहीस. एसटीच्या खिडकीबाहेर बघत नुसता हसलास. माफी मागायची ती इंदापूर आल्यावर मागू, असं मी ठरवलं. इंदापूर आलं, गेलं. राहूनच गेलं.

दुधाचं हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढं जे झालं ते त्यामुळेच झालं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तुझ्या उजव्या कुशीत कळा यायला लागल्या. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. बारामतीत माझ्या खोलीपासून जवळच्या एका दवाखान्यात तुला दाखल केलं. पिशवी काढावी लागेल आणि त्यासाठी पुरी भूल द्यावी लागेल, असं सर्जन म्हणाले. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, धोका किती आहे. तू विचारलंस, “हात बी झोपणार का?” सर्जन घाईत होते, “सगळंच झोपणार” म्हणून पुढं गेले. तुझं समाधान झालं नाही. झोपेत तुझा हात थांबतो हे वहिनींनी तुला सांगितलेलं होतं. भुलीची झोप आणि रोजची झोप एकच की वेगळी, हे तुला त्यावरून ठरवायचं होतं. “सुमे, भूल देणारी डाक्टरीण आली की तिला सांग, हाताकडं ध्यान ठेव म्हणावं. थांबला का न्हाय ते मला कळाय पायजे. मला तर दिसणार न्हाय.”

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्स सांगून गेली की पहाटे पाचनंतर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सहाच्या गोळीचं काय, असं तू विचारलंस. काही नाही म्हणजे काहीच नाही, ती म्हणाली. नंबर कधी लागेल? अकरा, बारा, केव्हाही. ती गेल्यावर तू बोटांवर मोजायला लागलास. सहाची पाळी गेली, अकराची गेली, शुद्धीवर यायला उशीर झाला तर चारचीही गेली.

“म्हंजे कालवाच बंद,” तू म्हणालास.

कालवा बंद होणार म्हटलं की चारीच्या टोकाकडचे शेतकरी काय करायचे ते मला लहानपणापासून माहीत आहे. पुढचं पाणी कधी येईल भरवसा नाही, म्हणून शेवटच्या पाळीत दुप्पट-तिप्पट पाणी घेऊन रान तुडुंब भरून ठेवायचे. त्यात सगळ्यात पुढे म्हस्कूतात्या. त्यांच्या वडलांपर्यंत मेंढरं राखणारं घर, उसाला नवीन, आणि पाण्याला हावरट. तू त्यांच्या बांधावर उभा राहून ओरडायचास की मुळ्या कुजतील, पाणी साठवून ठेवायला ऊस म्हंजे काय रांजण हाय का. आणि त्या संध्याकाळी दवाखान्याच्या खाटेवर बसून तूच ठरवलंस की पहाटे पाचच्या आत एकदम तीन गोळ्या घ्यायच्या, म्हणजे दिवसभराची सोय होईल.

मी म्हणाले, पुण्याच्या डॉक्टरांना विचारू या. पुण्याला त्या वेळी फोन उचलायला कुणी नसेल, असं तू म्हणालास, आणि ते खरं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर सकाळीच यायच्या होत्या. मला तीन हा आकडा पटत नव्हता. पण दुधाच्या वेळीही मला पटलं नव्हतं, आणि तू बरोबर निघाला होतास. तेव्हा बोलले होते म्हणून मी या वेळी गप्प बसले. कुणाला सांगायचं नाही, असं तू बजावलंस, मी मान हलवली. पहाटे पावणेपाचला पाण्याचा पेला तुझ्या ओठाला मीच लावला.

साडेसहापर्यंत तू राजा होतास. हात थांबला होता. दवाखान्याच्या सदऱ्याची बटणं तू एका दमात लावलीस आणि माझ्याकडे बघितलंस. सात वाजायच्या सुमाराला तुझी मान आपोआप वळायला लागली. मग खांदे, मग पाय. थरथर नव्हती ती, वेगळंच काहीतरी होतं, वेल वाऱ्यावर हलावा तसं सगळं अंग वळवळत होतं. घामानं सदरा भिजला. उठून उभा राहायला गेलास आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन वहिनींच्या अंगावर कलंडलास. त्यांनी कसंबसं बसवलं, तर तू फरशीकडे बघत म्हणालास, “गया, चपला उचल. पाणी आलंय.”

कुठंच पाणी नव्हतं. पण तुझा आवाज चारीवरचा होता. शेजारच्या खाटेवरच्या काटेवाडीच्या गृहस्थांनाही तू हुकूम सोडलास, “पाय वर घ्या, पावनं.” त्या बिचाऱ्यांनी घेतलेसुद्धा. वहिनी रडायला लागल्या. नर्सनं सर्जनना फोन केला. पेशंट घाबरून भ्रमिष्टासारखं करतोय, असं तिनं सांगितलं असावं. शांत करणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं.

तेवढ्यात त्या भूल देणाऱ्या डॉक्टर लुनावरून आल्या. तरुण होत्या, कपाळावर घाम, हातात पिशवी. त्यांनी विचारलं, काल असे होते का? वहिनी नाही म्हणाल्या. औषधं कुठली, कशी घेतली? वहिनींना ठाऊक नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. तुला खाटांखाली पाणी दिसत होतं, पण मी काय कबूल केलंय ते तू विसरला नव्हतास. मी काही बोलले नाही. डॉक्टर हात धुवायला व्हरांड्यात गेल्या. नर्स इंजेक्शन भरायला लागली.

तेव्हा मी उठून बाहेर गेले. “त्यांनी तीन गोळ्या घेतल्यात. पाचच्या आत. मी दिल्या,” एवढंच मी म्हणाले.

त्यांनी मला एकही शब्द विचारला नाही. ओल्या हातांनीच आत पळाल्या आणि नर्सचा हात धरला. मग व्हरांड्यात परत येऊन त्यांनी मला समजावलं. तुझ्या गोळ्या डोक्यात जे दार उघडतात तेच ते इंजेक्शन बंद करतं. या आजाराच्या माणसाला ते दिलं तर तो लाकडासारखा ताठरतो, कित्येक दिवस हलता येत नाही, गिळता येत नाही. भ्रम कशाचा आहे हे कळलं नसतं तर आपणही कदाचित तेच द्या म्हटलं असतं, असं त्या म्हणाल्या. दार हा शब्द त्यांचाच, दादा. तू ऐकला असतास तर खुलला असतास.

मी त्यांना विनंती केली की मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका. त्यांनी ओले हात रुमालाला पुसले. मग आत गेल्या, स्टुलावर बसल्या, तुझं डावं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “काका, तीन गोळ्या घेतल्यात ना?”

तुझं तोंड उघडंच राहिलं.

ऑपरेशन एका दिवसानं पुढं गेलं. त्यांनी दवाखान्यातल्या फोनवरून पुण्याच्या डॉक्टरांना गाठलं आणि सगळा बेत बदलला. दुसऱ्या दिवशी तुझा नंबर पहिला. सहाची गोळी, एकच, दोन घोट पाण्याबरोबर द्यायची. ऑपरेशननंतर गिळता येईपर्यंत गोळी कुटून नाकातल्या नळीतून. एकही पाळी चुकवायची नाही. इकडे दहा वाजायच्या आत तुझ्या तिन्ही गोळ्या ओसरल्या होत्या आणि तू नेहमीपेक्षा जास्त ताठ होऊन पडला होतास. ओठ धड हलत नव्हते, तरी हिशेब चालूच. “काळं रान पाणी धरून ठेवतं. मुरमाड रानातनं निघून जातं. माझं डोस्कं मुरमाड निघालं, सुमे.” म्हस्कूतात्याला हे सांगू नको, असंही म्हणालास.

दुसऱ्या दिवशी तुला आत नेलं. वहिनी आणि मी बाकावर बसलो. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तेच पान वाचत राहिले. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, ते परत आलं न् मला वळखलं न्हाय तर?” मलाही तेच विचारायचं होतं. दोन-अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. सगळं ठीक आहे हे सांगायच्या आधी त्या म्हणाल्या, “हात थांबला होता. भूल चढल्याबरोबर थांबला. मी बघत होते.”

तुझे डोळे उघडले तेव्हा तुझं पहिलं वाक्य होतं, “कवा सुरू करणार?” झालंसुद्धा, असं सांगितलं तर तुला खरं वाटेना. हळूहळू जीभ सुटल्यावर तू त्याच एका गोष्टीवर अडून बसलास. चारीवर तू शेकडो वेळा झोपला असशील, आणि जाग आली की किती वेळ गेला ते घड्याळ न बघता बरोबर सांगायचास. पाण्याच्या आवाजावरून म्हण, अंगावरच्या गारठ्यावरून म्हण. झोपेतही तुझ्यातलं कुणीतरी पाळी मोजत असायचं. या खेपेला ते कुणीतरीही नव्हतं. “डोळा मिटला आन् उघडला. मदला तुकडा कापूनच काढला की.” तुला भीती वाटली नव्हती. तुला तो तुकडा बघायचा होता.

डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा तू त्यांना विचारलंस, औषध हात बंद करतं का माणूस बंद करतं? त्या खरंखुरं सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, भूल नक्की कशी चढते हे अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही.

“म्हंजे दार कसं चालतं ते ठाव न्हाय, तरी तुमी उघडता?”

“बंद होतं आणि पुन्हा उघडतं, एवढं ठाऊक आहे, काका. आणि उघडेपर्यंत मी तिथून हलत नाही.”

तू हात जोडलेस. थरथरत होते ते, पण जोडलेस. पाटकऱ्याला दुसरा पाटकरी भेटला, असं तू मला नंतर म्हणालास.

पहिले दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी तू व्हरांड्यापर्यंत चाललास, आठव्या दिवशी निरवांगीला घरी. आणि घरी पोचल्या दिवसापासून ती गोष्ट सुरू झाली.

बारामतीची डाक्टरीण नाडी धरते आणि पोटात किती गोळ्या गेल्यात ते सांगते. येईल त्याला तू हे सांगायचास. ‘तीन म्हणाली. दोन न्हाय, चार न्हाय, तीन.’ रंगवून नाही सांगायचास, तो तुझा स्वभाव नव्हता. झालं तेवढंच सांगायचास, म्हणून लोकांना खरं वाटायचं. तुझ्यासाठी ते खरंच होतं. आधी मी गप्प बसले ते तू रागावशील म्हणून. मग तुला सांगताना मजा येते म्हणून. मग, खोटं कशाला बोलू, मलाही ऐकताना मजा यायची.

ते तिथंच थांबलं असतं तर मला आज एवढं लागलं नसतं. पण तू ऐकलेल्यावर थांबणारा नव्हतास. एका सुट्टीत आले तर तू अंगणात खुर्ची टाकून स्वतःचीच नाडी धरून बसलेला. गोळीच्या आधी एकदा, गोळीनंतर एकदा. धरणारा हात थरथरतोय आणि खालचं मनगट थरथरतंय, त्यात नाडी कुठली सापडायला. तरी रोज. “सुमे, तू शिकलेली हायस. नाडीत गोळी कशी कळत असंल?” मी म्हणाले, पुस्तकात बघते. पुढच्या खेपेला तू विचारलंस, सापडलं का? अजून नाही, मी म्हणाले. चार वर्षं तू विचारत राहिलास, आणि चार वर्षं मी, पुस्तकांत आयुष्य घालवलेली बाई, ‘अजून नाही’ म्हणत राहिले. दूध अडवतं हे आठ दिवसांत शोधून काढणारा माणूस माझ्यामुळे चार वर्षं नसलेली गोष्ट शोधत बसला.

शेवटच्या आठवड्यात तू बोलत नव्हतास. छातीत कफ दाटलेला, डोळे मिटलेले. मी तुझ्या कानाशी बसून चारीला पाण्याचं आवर्तन सुटल्याची बातमी सांगितली, पाणी टेलला पोचलं म्हणून सांगितलं. एवढं सगळं बोलले. तेवढंच बोलले नाही.

परवा पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाल्यावर लोक तुझ्याविषयी दोन-दोन शब्द बोलले. म्हस्कूतात्या काठी टेकत उठले आणि त्यांनी नाडीची गोष्ट सांगितली. मांडवात सगळे हसले, वहिनीसुद्धा. जेवणं झाल्यावर तात्या माझ्याजवळ आले. पुढच्या आठवड्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, बारामतीत, भूल द्यायला त्याच डॉक्टर. मी सहज विचारलं, तुम्हाला काही गोळ्या चालू आहेत का, डॉक्टरांना सांगितलं का? गोळ्या नाहीत, पण गुडघ्यांसाठी बाजारातल्या एका वैदूची पुडी दीड वर्ष खातोय, असं ते म्हणाले. गुडघे अगदी पळायला लागलेत. डॉक्टरांना सांगितलं तर त्या बंद करतील, म्हणून सांगणार नाहीत.

“आन् सांगायचं कशाला? तिला नाडीवर कळतंयच की. तुझ्या दादाचं कळलं न्हवं?”

रात्रभर मी त्या पुडीचा विचार केला. काल दुपारी त्यांच्या वस्तीवर गेले. तात्या गोठ्याच्या सावलीत बसले होते. मी सगळं सांगितलं. तीन गोळ्या, व्हरांडा, मी केलेली विनंती, डॉक्टरांनी धरलेलं मनगट. नाडीवरून काहीच कळलं नव्हतं, तात्या, डॉक्टरांना मीच सांगितलं होतं. ते हसतील असं मला वाटलं होतं. रांजणावरून तुझी बोलणी खाल्लेला माणूस, त्याच्या हातात आयतंच सापडलं होतं. ते हसले नाहीत.

“आन् तो चार वरीस सोताची नाडी धरून बसला,” ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

ते उठले, आतून एक पुडी घेऊन आले. वर्तमानपत्राच्या तुकड्यात तपकिरी भुकटी, नाव ना गाव. मी म्हणाले, परवा मी बारामतीला चाललेच आहे, डॉक्टरांना दाखवते, यात काय आहे ते त्यांना आधी कळलेलं बरं. मी हात पुढं केला. त्यांनी पुडी मुठीत धरली.

“मी बी येतो. तिला काय सांगायचं ते सांग, सुमन. पर माझ्यादेखत सांग. माझ्या मागं न्हाय.”

उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघणार आहोत, दादा. मी त्या दिवशी उठून व्हरांड्यात गेले ते बरोबरच केलं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मग परत आत येऊन, डॉक्टर तुझं मनगट हातात घ्यायच्या आधी, तेच वाक्य तुझ्यासमोर पुन्हा म्हणायला हवं होतं. तू रागावला असतास. दोन दिवस माझ्याशी बोलला नसतास. आणि राग पुरता ओसरायच्या आधीच मला हाक मारून पुढचा प्रश्न विचारला असतास.